खेड्यातल्या शाळांच्या आठवणीपण छापा

मा. संपादक,

तुम्ही शाळेच्या आठवणी छापता ते लई आवडतं, पण खेड्यातली पोरं त्यात दिसतच नाहीत. माझे रेल्वेतले एक मित्र आता सोलापुरातच राहतात, मूळचे छत्तीसगडचे, धमतरीकडच्या मेनोनाइट हायस्कूलात शिकलेले (1899 ला तिकडं हे मिशन आलं, दुष्काळाचा काळ होता). मेनोनाइट म्हणजे हत्यार न उचलणारे ख्रिश्चन, त्यामुळं मारामारी केली की सर छडी न मारता दोघांना एका ताटात जेवायला बसवायचे आणि वरून गूळ द्यायचे, मग काय, गुळासाठी दोन पोरं रोजच भांडायला लागली! हे सांगताना अजून त्यांच्या डोळ्यात पाणी येतं हसून हसून.

आमच्या मंगळवेढ्याकडं हुरड्याच्या दिवसात निम्मा वर्ग गायब असायचा. एकदा गुरुजी शोधत थेट रानात आले, आम्ही आगटीभोवती बसलेलो, सगळ्यांची बोबडी वळली, तर गुरुजी खाली बसले, शेंगाचटणीबरोबर पोटभर हुरडा खाल्ला आणि तिथंच हजेरी घेतली. एकजण पण गैरहजर नाही! असे गुरुजी आणि अशी पोरं गावोगाव आहेत, म्हातारी होत चाललीत, त्यांच्यासाठी आठवड्याला एक कोपरा तरी ठेवा ही मनापासून विनंती.

एक वाचक, सोलापूर