पाटणादेवीचा शिलालेख वाचता येऊ द्या

प्रति,
मा. पालकमंत्री, जळगाव जिल्हा
स.न.वि.वि.

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे बहुतेक लोक चंडिकादेवीची ओटी भरतात, पावसाळा असला तर धबधब्यावर फोटो काढतात आणि परततात. त्यात वावगं काही नाही, आमचंही कुलदैवत तेच. पण त्याच देवळात शके 1128 चा शिलालेख आहे. त्याच्यापुढे उभ्या एका आजीबाईंनी मला विचारलं, “काय लिखेल शे रे भाऊ?” आम्ही गेलो तेव्हा त्याचं उत्तर देणारं काही आसपास दिसलं नाही.

भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये हा लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला दान दिलं. लेखाचा शेवट मराठीत आहे. मठासाठी गावातून काय द्यायचं ते त्यात येतं, दर तेलघाण्यामागे पळीभर तेलसुद्धा. म्हणजे गणिताच्या शाळेचा खर्च या गावाने उचलला होता! भास्कराचार्य नेमके कुठे जन्मले हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. त्यांचं गणित इथे शिकवलं जायचं, हे तर दगडावरच आहे.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपणच. वनखातं आणि पुरातत्त्वखातं यांना एकत्र बसवणं आपल्यालाच जमेल, कारण परिसर अभयारण्यात येतो आणि एकाकडे गेलं की दुसऱ्याकडे बोट दाखवलं जातं. मागणी मोठी नाही. लेखाचा ठसा, त्याचं आजच्या मराठीत वाचन आणि शाळेच्या सहलींसाठी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातलं एक गणित, एवढं लिहिलेला फलक हवा.

गणित मीच सुचवतो. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला. मोराने तिरपी झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर साप सापडला? आठवी-नववीची पोरं देवळाच्या ओट्यावर बसून सोडवतील. (उत्तर बारा. फलकावर ते छापू नये.)

फलक भिंतीपासून दूर, स्वतंत्र उभारावा. लेखाच्या दगडाला रंग, शेंदूर किंवा खिळा लागू नये, एवढं कामाच्या आदेशातच लिहून द्यावं.

आपला,
चाळीसगाव तालुक्यातील एक गणित शिक्षक