म्युनिकच्या दुकानातल्या काकांचे आभार
तीन महिन्यांच्या कामासाठी म्युनिकला होतो. शनिवारी पावणेआठला किराणा घ्यायला गेलो आणि कार्डच चालेना. खिशात चार युरो. त्यातला एक तर रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून मिळवलेला (बाटलीमागे 25 सेंट!). आठला दुकानं बंद, रविवारी तर सगळंच बंद. मी तांदूळ परत ठेवायला लागलो, तर गल्ल्यावरच्या तुर्की काकांनी पिशवी माझ्या हातात दिली. नाव विचारलं नाही, वहीत लिहिलं नाही. "जमेल तेव्हा दे," एवढंच. वर मसुरीचं पाकीट आणि कोथिंबिरीची जुडी टाकली. सोमवारी पैसे द्यायला गेलो, तर डाळ-कोथिंबिरीचे घेतलेच नाहीत. काका, त्या रविवारची आमटी फर्मास झाली होती. मनापासून आभार.