को, हे पत्र मराठीत लिहितेय

प्रिय को,

आत्याला तुमच्या व्हिएतनामीत 'को' म्हणतात, हे तुम्हीच शिकवलंत. पत्र मराठीत आहे, म्हणून शनिवारी येऊन वाचून दाखवीन. मराठीत अशासाठी, की इथली आमची टोरांटोची मंडळी अजून विचारतात, "परक्यांचं लोढणं गळ्यात कशाला बांधून घेतलंत?"

2016 मध्ये आम्ही पाच जणांनी एका सीरियन निर्वासित कुटुंबाला स्पॉन्सर करायचं ठरवलं. तेव्हा नियमानं पाच जण पुरत. वर्षभराचा खर्च आणि देखभाल त्यांनी करायची. फॉर्म भरताना घाम फुटला, तेव्हा कुणीतरी तुमच्याकडे धाडलं. तुम्ही चष्मा लावून आमचा सेटलमेंट प्लॅन, म्हणजे कुटुंबाला इथे कसं बसवणार त्याचा आराखडा, वाचलात आणि 'दर आठवड्याला किराणा आणून देऊ' या ओळीवर सरळ काट मारलीत. "पैसे हातात द्या. दुकानात त्यांचं त्यांना जाऊ दे."

मग 1979 निघालं. व्हिएतनामहून होडीनं मलेशियाचं पुलाऊ बिडाँग बेट. जेमतेम एक चौरस किलोमीटर जागा, त्यात त्या जूनमध्ये सुमारे 40,000 माणसं. होडीचा नंबर तुम्हाला अजून तोंडपाठ! जुलैत कॅनडा सरकारनं 1980 अखेरपर्यंत 50,000 जणांना घ्यायचं जाहीर केलं, आणि त्यात एक खुबी ठेवली: लोकांनी एकाला स्पॉन्सर केलं की सरकार आणखी एकाला घेणार. (मला ही युक्ती भलतीच आवडते.) पुढे आकडा 60,000 वर गेला. तुम्ही त्यातल्याच.

तुमची स्पॉन्सर मंडळी भली होती. कोट, बूट, कपाटभर सुपाचे डबे. फक्त फिश सॉस नव्हता, आणि मागायची लाज वाटायची. "तीन महिने पोट भरत होतं, जेवल्यासारखं वाटत नव्हतं," म्हणालात आणि खळखळून हसलात. गोडा मसाला संपला तो आमचा इथला पहिला जानेवारी मला आठवला.

तुमच्या चुलतभावाचं सांगताना मात्र हसला नाहीत. गल्ली तीच, समुद्र तोच, साल 1989. तोवर सगळेच देश कंटाळले होते. मलेशियानं 14 मार्च ही तारीख धरली, जूनमध्ये जिनिव्हाच्या परिषदेत तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाची छाननी. निर्वासित ठरला तर पुढे, नाहीतर माघारी. तुमची अशी छाननी कुणी केलीच नव्हती. तो एप्रिलमध्ये पोचला. माघारी गेला.

आमचं सीरियन कुटुंब आलं त्या पहिल्याच शनिवारी तुम्ही त्या बाईंना अरबी वाण्याकडे घेऊन गेलात. मी दार उघडून उतरायला लागले, तर माझा हात धरलात. "बस इथेच." हीटर लावून आपण दोघी अर्धा तास गाडीत बसलो. त्या दोन पिशव्या घेऊन आल्या. मी सवयीनं बिलासाठी हात पुढे केला. त्यांनी बिलाची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

त्या अर्ध्या तासासाठी आभार, को.

तुमची मानलेली भाची