सहलीचे हप्ते आणि घरातल्या बाईची सुट्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत सध्या उन्हाळी सहलींच्या पानभर जाहिराती येत आहेत. मालदीवमधले पाण्यावरचे व्हिला, बाली, स्वित्झर्लंड, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सुलभ हप्त्यांची सोय’. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. त्या जाहिरातींचा पुढचा भाग आमच्या टेबलावर येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मार्च उजाडला की आमच्याकडे वैयक्तिक कर्जाचे अर्ज वाढतात. कारणाच्या रकान्यात ‘घरदुरुस्ती’ नाहीतर ‘घरगुती अडचण’ लिहिलेले असते. खरे कारण बोलता बोलता कळते. गेल्या वर्षी एक जोडपे आले. तो एमआयडीसीत सुपरवायझर, ती खासगी शाळेत शिक्षिका, दोन मुले. मालदीवला जाण्यासाठी चार लाख हवे होते. 14 टक्के व्याजाने तीन वर्षांचा हप्ता काढून मी त्यांच्यापुढे ठेवला: महिन्याला साधारण 13,670 रुपये, आणि एकूण व्याज 92 हजारांच्या आसपास. सहल चार रात्रींची, हप्ते 36. थोरला आठवीत होता, म्हणजे त्याची दहावी होऊन अकरावीचा प्रवेश घ्यायची वेळ आली तरी हा हप्ता चालूच राहणार. ती काही बोलली नाही. तो म्हणाला, “मॅडम, माझ्या साडूनं पोरांना नेऊन आणलंय. आमची रोज विचारतात.” या वाक्यावर मी काय बोलणार? बापाच्या मनाला ते लागलेले दिसत होते.

त्यांनी आणलेले कोटेशन मी नीट वाचले. जाहिरातीतला मोठा आकडा नुसत्या खोलीचा होता. मालेच्या विमानतळावरून बेटावर नेणाऱ्या सीप्लेनचे भाडे वेगळे. ही विमाने फक्त दिवसा उडतात, त्यामुळे आपले विमान संध्याकाळी पोचले तर त्या रात्रीचे मालेतले हॉटेलही आपल्याच खिशातून. रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर ग्रीन टॅक्स. जानेवारी 2025 पासून तो 6 डॉलरवरून दुप्पट झाला आहे. चौघांचे चार रात्रींचे एवढेच सोळा हजार रुपयांच्या वर जातात. शिवाय बिलावर 10 टक्के सेवाशुल्क आणि जुलै 2025 पासून 17 टक्के पर्यटन कर. आणि बहुतेक रिसॉर्टचे स्वतःचे स्वतंत्र बेट असते. बाहेर पडून कुठे वडापाव, डोसा खाऊ म्हणायची सोयच नाही. मुलाला दुपारी भूक लागली तर रिसॉर्टच्या मेन्यूकार्डावर असेल ती किंमत मोजायची.

हे एका घरापुरते नाही. 2023-24 या वर्षात भारतीयांनी उदारीकृत प्रेषण योजनेतून (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची सोय) सुमारे 31.7 अब्ज डॉलर बाहेर पाठवले, त्यातले 17 अब्ज एकट्या प्रवासाच्या नावाखाली गेले. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याने खुशाल जावे, माझी हरकत नाही. मला काळजी वाटते ती सोनेतारणाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बायकांची. पाटल्या, तोडे, कधी आईने दिलेली मोहनमाळ. पूर्वी हे दागिने बाळंतपण, दवाखाना, पेरणी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी तारण पडत. आता त्यात सहलीची भर पडली आहे. सोनेतारणाची मुदत बहुधा वर्षाची असते, मुद्दल शेवटी एकदम भरावे लागते. वर्षभरात तेवढी रक्कम साठत नाही, मग व्याज भरून कर्ज नवे करून घेतात आणि दागिना आमच्या तिजोरीतच राहतो. नवऱ्याच्या हौसेसाठी बायकोचे सोने, ही गोष्ट मला पटत नाही. हे मी टेबलावर बसून बोलू शकत नाही, इथे बोलते.

याचा अर्थ सुट्टीवर पैसे खर्च करू नयेत असा कोणी काढू नये. काटकसरीच्या सहलींचे फार गोडवे गायले जातात, त्यातही एक अन्याय दडलेला आहे. माझे लग्न झाले तेव्हा आमच्याकडे सहल म्हणजे स्टोव्ह, पिठाचा डबा, तिखटमिठाच्या पुरचुंड्या आणि दोन मोठी पातेली बरोबर. पुरुष आणि मुले समुद्रावर, सासूबाई आणि मी धर्मशाळेच्या ओट्यावर भाकरी थापत. सहल स्वस्तात व्हायची, कारण आम्हा दोघींच्या कष्टांची किंमत कुणी धरतच नव्हते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा रोजचा वेळ सरासरी 289 मिनिटे निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 88. ज्या सहलीत हे 289 मिनिटांचे काम घरून उचलून दुसऱ्या गावी नेले जाते, ती सहल कितीही स्वस्त असली तरी बाईच्या दृष्टीने फुकट गेली.

पुढे हात थोडा सैल झाल्यावर आम्ही सासूबाईंना गणपतीपुळ्याला एमटीडीसीच्या निवासात नेले. त्या काळी आम्हाला ते भाडे जडच होते. सकाळी चहा हातात आला, नाश्ता मांडलेला होता, खोली दुसऱ्या कोणी झाडली. पहिल्या दिवशी त्या सारख्या उठून उभ्या राहत होत्या, काय करू म्हणून. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खुर्चीत बसल्या त्या बसल्याच, आणि आपल्या लहानपणच्या, माहेरच्या विहिरीच्या, आम्ही कधीच न ऐकलेल्या गोष्टी सांगत राहिल्या. माझे यजमान त्यांचे थोरले चिरंजीव, त्यांनाही त्या माहीत नव्हत्या. तो खर्च माझ्या मते पै न् पै वसूल झाला.

ते मालदीवचे जोडपे शेवटी कर्ज काढून गेले. नंतर हप्ता भरायला ती एकटी आली तेव्हा मी विचारले, कशी झाली सहल. पाणी फार सुंदर होते म्हणाली, तळ दिसत होता. पण व्हिलाच्या मागच्या बाजूने थेट समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, धाकटा पाच वर्षांचा, त्यामुळे तिचा जीव सगळा त्या पायऱ्यांकडे. नवरा फोटो काढून ग्रुपवर टाकण्यात गुंतलेला. थोरल्याचा वेळ वायफायवर गेला. सगळ्यात काय आवडले विचारल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सकाळी उठून डबे करायचे नव्हते, हेच.”

मग चार लाख कशाचे गेले? तिला जे हवे होते ते सांगलीहून राधानगरी, फोंडा घाट उतरून गेले की तारकर्ली-देवबागेत मिळते. तिथे घरोघरी निवास-न्याहारीची सोय आहे. जेवणाला माशांचे ताट, शाकाहारी असाल तर घावने, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी. मुलांना सिंधुदुर्ग किल्ला दाखवता येतो, फक्त पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात हे ध्यानात ठेवावे. भरपूर ऐषारामात राहिलात, मुद्दाम चांगली वातानुकूलित खोली घेतलीत, तरी चौघांची चार दिवसांची सहल त्या कर्जाच्या नुसत्या व्याजात बसते आणि पैसे उरतात. तिथेही एक बाईच चुलीपुढे असते हे मला ठाऊक आहे. पण तिला त्याचे पैसे मिळतात, आणि ते पैसे जिल्ह्यातच राहतात.

आमच्या खिडकीशी येणाऱ्या कुटुंबांना मी हल्ली एवढेच विचारते: तिथे गेल्यावर घरातल्या बाईचे कोणते काम बंद होणार आहे, आणि ते बंद करायला खरोखर किती पैसे लागतात? काही जण रक्कम कमी करून घेतात. काही जण रागावून दुसऱ्या संस्थेत जातात.

संपादक महोदय, आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. परदेशी सहलीच्या जाहिराती घेताना कर, बेटापर्यंतची ने-आण आणि जेवण धरून चौघांचा एकूण खर्च छापण्याची अट घालावी, आणि हप्त्याची सोय असेल तिथे एकूण व्याजही. आणि परीक्षा संपायच्या आत, शक्यतो फेब्रुवारीतच, कोकणातल्या निवास-न्याहारीच्या घरांची माहिती जेवणाच्या दरांसह एका पानावर द्यावी. ते पान मी आमच्या कर्ज विभागाच्या काचेवर लावीन.

आपली,
एक वाचक, सांगली

(पतसंस्थेत नोकरीला असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)