मंत्रिमहोदय, पानाचा फोटो म्हणजे पुस्तक नव्हे

मा. ग्रंथालय मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ग्रंथालयाच्या डिजिटल विभागाचं उद्घाटन आपल्या हस्ते झालं, तेव्हा दृष्टिहीन वाचकांनाही आता प्रत्येक पुस्तक घरबसल्या वाचता येईल, असा शब्द आपण दिला होता. मी समोर बसून तो ऐकला. काचबिंदूने माझी नजर गेली आहे. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गेल्या आठवड्यात त्या विभागातला एका जुन्या मासिकाचा बांधीव खंड मी संगणकावर उघडला. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं माझं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणाला, ‘ग्राफिक’, म्हणजे नुसतं चित्र. पुढच्या पानावर पुन्हा ‘ग्राफिक’. अख्ख्या खंडात दुसरा शब्द नाही.

असं का होतं, हे आपल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते. स्कॅन केलेलं पान हा नुसता फोटो असतो. त्यात डोळस माणसाला अक्षरं दिसतात, यंत्राला ठिपके. त्या ठिपक्यांतून मजकूर ओळखून काढावा लागतो, त्याला ओसीआर म्हणतात, आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळेल अशा अक्षरसंकेतांत, पानासोबत ठेवावा लागतो. तरच माझं यंत्र तो वाचतं, आणि तरच डोळस वाचकालाही त्यात एखादं नाव शोधता येतं. देवनागरीत हे काम कठीण आहे, हे मला मान्य आहे. शिरोरेषेने अक्षरं एकमेकांना जोडलेली, वर रफार आणि मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षरं, त्यात जुन्या खिळ्यांच्या छपाईत काने तुटलेले. यंत्र चुकतं, म्हणून नंतर माणसाने तपासावं लागतं. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाची नोकरी केली आहे, त्यामुळे ही मेहनत काय असते ते मला शिकवू नये. पण हे होऊ शकतं. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथसंग्रहात स्वयंसेवक एका बाजूला पान आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवून, एक पैसा न घेता, ओळ न् ओळ तपासतात. माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी करायला घेतला आणि जगाला फुकट दिला. अंधांनी आपल्या वाट्याचं काम केव्हाच केलं आहे. तुमच्या खात्याने केलेलं नाही.

कॉपीराइट कायद्याची अडचण सांगू नका. अंधांसाठी पुस्तकं वाचनसुलभ रूपात आणता यावीत म्हणून 2013 साली मोरोक्कोतल्या मराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. मान्यता देण्यात पहिले आणि पान वाचून देण्यात कुठेच नाही, याची लाज कुणाला वाटायची? मला?

आता माझं थोडं ऐका. नजर मंदावत होती तेव्हा देवघेव विभागातल्या ग्रंथपाल बाई मला अनुक्रमणिका वाचून दाखवायच्या. मला कुठला लेख हवा असेल, ते मी विचारायच्या आधी त्यांना ठाऊक असायचं. पुढे दिसेनासं झालं, तेव्हा त्या दुपारच्या वेळात लेख वाचून मला ध्वनिमुद्रित करून द्यायच्या. संगणक आले आणि त्यांची जागा ‘अनावश्यक’ ठरली. त्यांच्याजागी एक पडदा बसवला आहे. त्याला बोटाने स्पर्श करायचा असतो, आणि कुठे करायचा ते फक्त दिसणाऱ्यालाच कळतं. स्कॅनिंग झाल्यावर बांधीव खंडांचं निर्लेखन करून, म्हणजे नोंदवहीतून त्यांची नावं काढून, ते रद्दीत घातले. भाचीला घरी बसवून मी पडद्यावरून ते मासिक वाचून घ्यायला गेले, तर बांधणीच्या बाजूला प्रत्येक ओळीची दोन-तीन अक्षरं कापलेली. मूळ प्रत आता नाही. ही अक्षरं परत कुठून आणणार, मंत्रिमहोदय? आणि हे नुकसान एकट्या माझं नाही. ज्यांना दिसतं, त्यांचंही तितकंच आहे.

नवी पुस्तकं ई-बुक म्हणून मिळतील, हेही आश्वासन होतं. मिळाली, आणि त्यांतली काही माझं यंत्र वाचूही शकलं. एक कादंबरी अर्ध्यावर आली आणि परवान्याची मुदत संपली म्हणून बंद झाली. छापील पुस्तक ग्रंथालय एकदा विकत घेतं, दाखल नोंदवहीत चढवतं आणि कागद टिकेल तोवर देत राहतं. ई-बुक बहुतेक वेळा भाड्याचं असतं. 2011 साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतल्या ग्रंथालयांना सांगितलं की ई-बुक 26 वेळा वाचकांना दिलं की पुस्तक संपलं, पुन्हा पैसे भरा. आपल्या खात्याने ज्या करारावर सह्या केल्या, त्यात काय लिहिलं आहे? आम्हा सभासदांना तो दाखवलेलाच नाही.

आणि सगळं सर्व्हरवर ठेवलं की सुरक्षित, हे तरी कुणी ठरवलं? ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या संस्थेची ग्रंथसूचीसुद्धा कित्येक आठवडे ऑनलाइन नव्हती. कपाटातली पुस्तकं शाबूत होती म्हणून निभावलं. आमची कपाटं तुम्ही रिकामी केलीत.

मुळात रोग असा आहे की इथे पानं मोजली जातात. कंत्राटदाराला पैसे पानामागे, अहवालात आकडा पानांचा, भाषणातही तोच. ते पान कुणाला वाचता आलं का, हे विचारणारा रकाना कुठल्याच अर्जात नाही. रस्ता असो, दवाखाना असो, वाचनालय असो, फीत कापून झाली की शासनाचं काम संपतं. आम्ही तक्रार केली की पोर्टलवर क्रमांक मिळतो आणि काही दिवसांनी त्याच क्रमांकापुढे ‘निकाली’ असं येतं. कुणी निकाली काढली, काय करून काढली, काही कळत नाही.

निर्लेखन आजच थांबवा. प्रत्येक स्कॅनमागे तपासलेला मजकूर आल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल काढू नका. ग्रंथपाल परत आणा, कारण पुस्तकं पडद्यावर गेली की वाट दाखवणारं माणूस जास्त लागतं. ओसीआरच्या चुकांनी भरलेली पानं माझ्याकडे पाठवा, मी ऐकून दुरुस्त करून देईन, मोबदला नको.

उत्तर द्याल, तर टंकलिखित मजकूर पाठवा. सही-शिक्क्याच्या कागदाचा स्कॅन पाठवलात, तर मला तो वाचता येणार नाही.

आपली,
एक सभासद