बो थ्रस्टरचा निर्णय निविदेआधीच व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उजनीच्या यशवंतसागर जलाशयात केबिनच्या मोठ्या प्रवासी मोटार बोटी आणण्याची चर्चा आपल्या जिल्ह्यात सुरू आहे. बोटी कोठून सुटतील, तिकीट किती असेल, पक्षी कोणत्या महिन्यात दिसतील यावर पुष्कळ बोलले जाते. परंतु भर वाऱ्यात ही बोट धक्क्याला लावायची कशी, हा प्रश्न त्या चर्चेत ऐकू येत नाही. जहाजांच्या इंजिन विभागात आयुष्यभर नोकरी करून सोलापुरात स्थायिक झालेला माणूस म्हणून मला याच एका मुद्द्यावर, म्हणजे बोटीच्या नाळेत (पुढच्या टोकात) बसवायच्या बो थ्रस्टरविषयी, सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. कारण हा निर्णय बोट बांधायला घेण्यापूर्वी झाला तर सोपा असतो आणि नंतर तो अतिशय खर्चिक होतो.

बोटीचे सुकाणू तिच्या मागच्या टोकाला असते आणि त्याच्यावरून पुरेसे पाणी वाहत असेल तरच ते बोटीला वळवते. धक्का जवळ आला की चालक वेग कमी करतो, नेमका त्याच क्षणी सुकाणूचा जोर संपतो आणि आडवा वारा बोटीची नाळ धक्क्यापासून दूर तरी नेतो, नाही तर धक्क्यावर तरी आणून आदळतो. चालक घाईने इंजिनाला जोर देतो, बोट नको त्या दिशेला उसळी घेते आणि नाळेवर दोर घेऊन उभा असलेला खलाशी हातापायाने तिला अडवू पाहतो. दहा टनांची बोट माणसाच्या हाताने थांबत नसते. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पंजा चिरडण्याचे अपघात असेच होतात. बो थ्रस्टर म्हणजे नाळेत, पाण्याच्या पातळीखाली, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार बसवलेली नळी आणि तिच्यात आडवा फिरणारा पंखा. चालकाने कळ दाबली की तो पाणी एका बाजूला फेकतो आणि बोट जागच्या जागी उभी असतानाही नाळ दुसऱ्या बाजूला सरकते.

तो किती जोराचा हवा, हे ठरवताना बोटीची लांबी पाहून माहितीपत्रकातला एक आकडा निवडण्याची पद्धत आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. थ्रस्टरची लढत वाऱ्याशी असते, म्हणून मोजायचे ते बोटीच्या एका बाजूचे पाण्यावरचे क्षेत्रफळ. १२ मीटर लांबीच्या केबिन बोटीचे असे क्षेत्रफळ २४ चौरस मीटर धरू. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे सव्वासहा किलो दाब देतो, म्हणजे एकूण १५० किलो. गोलाईदार आकारामुळे त्यातला पाऊण भाग धरला तरी ११२ किलो. हा दाब साधारण बोटीच्या मध्यावर, मागच्या टोकापासून ६ मीटरवर पडतो आणि थ्रस्टर मागच्या टोकापासून १०.८ मीटरवर असतो, त्यामुळे तरफेच्या नियमाने नाळेवर सुमारे ६२ किलोचा जोर पुरतो. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हाच वारा ताशी ५० किलोमीटरवर गेला की गरज १२० किलोच्या घरात जाते. वैशाख-ज्येष्ठात वळवाआधी उजनीच्या उघड्या पाण्यावर सुटणारा वारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा वेग अशक्य वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करतो. आपल्याकडे बोट ताब्यात आल्यावर तिच्यावर वरच्या मजल्याचे छप्पर, पडदे आणि दोन्ही बाजूंना जाहिरातींचे फलक चढवण्याची हौस असते. २४ चौरस मीटरचे क्षेत्र त्याने ३६ झाले, तर ६२ किलोची गरज थेट ९३ वर जाते आणि योग्य हिशोबाने घेतलेला थ्रस्टर अपुरा पडतो. म्हणून बोटीचे अंतिम रूप आधी ठरवावे आणि त्यानंतर त्यात कोणतीही भर घालण्यास मनाई असावी.

बसवण्याच्या बाबतीत उजनीच्या पाण्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. नळीचा वरचा काठ पाण्याखाली निदान नळीच्या व्यासाइतका असावा, अगदीच नाइलाज असेल तर अर्ध्या व्यासाइतका. तो त्याहून वर राहिला तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो आणि आवाजाखेरीज काही निष्पन्न होत नाही. ही मोजणी रिकाम्या बोटीवर करून भागत नाही. पर्यटक मागच्या डेकवर गर्दी करतात आणि नाळ उचलली जाते, तेव्हा खोली त्या स्थितीत मोजायला हवी. उथळ पाण्यासाठी बांधलेल्या सपाट तळाच्या बोटीत एवढी खोली मिळतच नाही. तशा बोटीला थ्रस्टरचा आग्रह धरण्यापेक्षा एकमेकांपासून अंतरावर असलेली दोन इंजिने द्यावीत, हे माझे स्पष्ट मत आहे. तळाखाली बाहेरून लटकवायचे थ्रस्टरही बाजारात मिळतात व ते बसवणे स्वस्त पडते. पण उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा. उन्हाळ्यात पातळी उणे टक्केवारीत गेली की पळसदेवचे मंदिर उघडे पडते आणि बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे बोटीच्या तळाजवळ येतात. तेथे बाहेर लटकणारे काहीही टिकणार नाही.

मासेमारीच्या जाळ्यांचा विचार तर सर्वांत आधी व्हावा. नायलॉनचा बारीक धागा पंख्यात सापडला की तो दांड्याभोवती गुंडाळत आत शिरतो आणि तेलाचे सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी उतरते. तेल दुधाळ दिसू लागले की हे घडले असे समजावे. जलपर्णी आणि मासेमारीची जाळी अडवण्यासाठी नळीच्या तोंडावर बारीक जाळी ठोकण्याचा मोह होतो, पण तिने पाणीही अडते आणि जोर घटतो. मोजक्या, उभ्या, गोल कडांच्या सळया चालतात. नळीच्या तोंडाची कडही गोलाईदार हवी, कारण धारदार कडेने पाण्याचा प्रवाह फाटतो.

विजेच्या जोडणीत तर काटकसरीला जागाच नाही. सहा किलोवॉटची मोटर २४ व्होल्टवर २५० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, १२ व्होल्टवर त्याच्या दुप्पट. बॅटऱ्या मागे इंजिनाजवळ ठेवून पुढे बारीक केबल ओढली तर व्होल्टेज वाटेतच गळते, मोटर तापते आणि ऐन वाऱ्यात बंद पडते. म्हणून थ्रस्टरसाठी स्वतंत्र बॅटऱ्या नाळेजवळ, जाड केबल, बॅटरीलगत योग्य फ्यूज आणि हाताशी मुख्य स्विच, एवढे असलेच पाहिजे. या मोटरी सलग दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवण्यासाठी नसतात. दिवसभर काही सेकंदांच्या झटक्यांनी धक्क्याला लागणाऱ्या बोटीला तेवढे पुरते, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेचा खर्च येथे करण्याचे कारण दिसत नाही. नळी म्हणजे शेवटी बोटीच्या तळाजवळ पाडलेली दोन भोके आहेत, त्यामुळे त्या कप्प्यामागे जलरोधक आडभिंत आणि कप्प्यात पाण्याचा इशारा देणारी घंटा असावी. ही सारी कामे बोट साच्यात असतानाच नीट होतात. नंतर करायची तर बोट पाण्याबाहेर काढणे, नाळ कापणे आणि फायबरचे थर आतून-बाहेरून पुन्हा चढवणे आले, आणि त्यात निष्णात असलेले कारागीर समुद्रकिनाऱ्यावर असतात, सोलापुरात नाहीत.

थ्रस्टर आहे म्हणून बोट वादळात सुरक्षित झाली, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. बोट दोन-तीन नॉटच्या (ताशी सुमारे चार ते साडेपाच किलोमीटरच्या) पुढे चालू लागली की त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो आणि कलंडणाऱ्या बोटीला तो सावरू शकत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या जलमार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचे प्राण गेले. ती छोटी प्रवासी बोट होती आणि अशा बोटींचा प्रश्न थ्रस्टरचा नसून लाइफ जॅकेट, प्रवासीसंख्या आणि वारा पाहून फेरी रद्द करण्याच्या अधिकाराचा आहे. सहा-आठ मीटरच्या बोटींवर थ्रस्टरसाठी पैसा घालवू नये; तो तिकडे खर्च व्हावा.

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार या बोटींची नोंदणी आणि तपासणी होईलच. माझी विनंती तेवढ्यापुरती नाही. निविदेच्या तांत्रिक अटींत थ्रस्टरचा जोर किलोमध्ये, तोही वाऱ्याचा गृहीत वेग आणि बोटीच्या बाजूचे क्षेत्रफळ लिहून मागवावा. बोट ताब्यात घेण्यापूर्वी तिची चाचणी थंडीतल्या शांत सकाळी न घेता मे महिन्यातल्या दुपारी, प्रवाशांइतके वजन मागच्या डेकवर ठेवून, बॅटऱ्या एकदा पूर्ण आणि एकदा निम्म्या भरलेल्या असताना, आडव्या वाऱ्यात प्रत्यक्ष धक्क्याला लावून घ्यावी. आणि त्या चाचणीत जी चालकमंडळी सुकाणूवर असतील, तीच पुढे त्या बोटीवर नेमावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जहाज अभियंता,
जुळे सोलापूर