भामट्यांना खेळवा, पण बेतानं

संपादक महोदय,

ऑनलाइन फसवणुकीची बातमी पेपरात आली की खाली सल्ला ठरलेला, असे मेल उघडू नका, डिलीट करा. वयस्कर माणसांना तो बरोबरच आहे, पण ज्याला कॉम्प्युटरचं नीट कळतं त्याने खुशाल उत्तर द्यावं आणि त्या भामट्याला महिनाभर हेलपाटे घालायला लावावेत असं माझं मत आहे.

माझा भाचा हेच करतो. त्याला लिस्बनच्या कुणा वकिलाचा मेल आला, तुमचा लांबचा नातेवाईक इथे वारला, बँकेत लाखो युरो पडून आहेत, फी भरा आणि घेऊन जा. भाच्याने अगदी अदबीनं कळवलं की वकीलसाहेब, आमच्या गोव्यात आधी इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे मयताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी ठरवायची कोर्टातली कारवाई होते, वारसांच्या नवरा-बायकोच्याही सह्या लागतात, आणि मयताच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा तुम्हीच पाठवा. तो गडी खरंच विचारायला लागला हा उतारा कुठे मिळतो! भाच्याने कळवलं, मामलेदार कचेरीत, पण आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आहे, सगळं बंद. मग परत मेल, चवथ कधी संपते? आम्ही घरात सगळे हसून हसून बेजार.

आणि यात भामट्याचं खरोखर नुकसान होतं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये हेच मांडलं होतं, की लाखो मेल पाठवायला फुकट पडतं पण उत्तर आलं की पुढे माणूस बसवून टाइप करावं लागतं, म्हणून गोष्ट मुद्दाम इतकी अचाट ठेवतात की शहाणे आपोआप गळतात आणि फक्त भोळे उरतात. म्हणजे शहाण्या माणसाने उत्तर दिलं आणि पैसे दिलेच नाहीत की त्यांचा हिशोब बिघडला. इंग्लंडातल्या एकाने तर अशाच भामट्याकडून कमोडोर 64 हा जुना कॉम्प्युटर लाकडात कोरून घेतला, एकेक बटणासकट!

मात्र काही पथ्यं हवीतच. मेल आयडी वेगळा, खरं नाव, गाव, फोन काही नाही, अटॅचमेंट आणि लिंकला हात लावायचा नाही आणि भेटायला तर कधीच जायचं नाही. दुसरं म्हणजे समोरच्याची विटंबना करू नये, काहीजण त्याला लाजिरवाणे फोटो काढायला लावतात ते मला अजिबात पटत नाही. कारण पलीकडे कोण बसलाय ते आपल्याला दिसत नाही, 2025 च्या मार्चमध्ये म्यानमारच्या स्कॅम सेंटरमधून, म्हणजे माणसं बसवून अशी फसवणूक करवून घेणाऱ्या अड्ड्यांमधून सुटलेले पाचशेहून जास्त भारतीय सरकारने विमानाने परत आणले, नोकरीच्या आमिषाने नेऊन तिथे डांबलेली पोरं होती त्यात. वेळ खावा, माणसाला तुडवू नये.

आणि पैसे गेलेच असतील तर हा खेळ विसरा, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

एक विनंती, रविवारच्या पुरवणीत वाचकांचे असे मेल नाव-पत्ता काढून छापा ना. माझ्या आईच्या वयाची माणसं सावधगिरीच्या सूचना वाचत नाहीत, पण एक-चौदाचा किस्सा तिने शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितला आणि प्रत्येक ठिकाणी लिस्बनचा वकील कसा ओळखायचा तेही सांगून आली.

एक वाचक, डिचोली